न पोहोचलेला निरोप

25 ऑक्टोबर 1962. मध्यरात्र व्हायला आली होती. अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या डुलुथ शहरातल्या हवाई संरक्षण केंद्राच्या कुंपणावर कुणीतरी चढतंय, असं पहारेकऱ्याला दिसलं. दिवस वाईट होते. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडल्याचं राष्ट्राध्यक्ष केनेडींनी तीनच दिवसांपूर्वी देशाला सांगितलं होतं आणि लष्करी तळांवर घातपात होतील अशी धास्ती होती. पहारेकऱ्याने गोळी झाडली आणि धोक्याचा इशारा दिला. तो आजूबाजूच्या तळांवरही वाजला. मात्र शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या व्होल्क फील्ड तळावर तारांची जोडणी चुकली होती. तिथे घातपाताच्या इशाऱ्याऐवजी विमानांनी ताबडतोब उड्डाण करावं असा भोंगा वाजला. या दिवसांत सराव होणार नाहीत हे वैमानिकांना माहीत होतं. भोंगा वाजला म्हणजे युद्ध सुरू झालं, असंच त्यांनी धरलं. अण्वस्त्रं लादलेली एफ-106 विमानं धावपट्टीकडे निघाली. तेवढ्यात डुलुथहून खुलासा आला आणि एक अधिकारी मोटारीच्या दिव्यांची उघडझाप करत विमानांच्या दिशेने सुटला, म्हणून ती थांबली. कुंपणावर चढत होतं ते एक अस्वल होतं.

स्कॉट सेगन या अभ्यासकाने 1993च्या आपल्या पुस्तकात ही घटना नोंदवली आहे. क्यूबाचा पेच आपण बहुतेक वेळा दोन माणसांची गोष्ट म्हणून ऐकतो. इकडे केनेडी, तिकडे सोव्हिएत संघाचे ख्रुश्चेव्ह, दोघांच्या हातात जगाचा नाश, आणि शेवटी एकाने घेतलेली माघार. गोष्ट म्हणून ती छान आहे. पण त्या 13 दिवसांचे कागद, ध्वनिफिती आणि आठवणी जसजशा बाहेर आल्या, तसतसं वेगळंच चित्र दिसू लागलं. दोन्ही पुढाऱ्यांना युद्ध नको होतं, आणि तरीही युद्ध दाराशी येऊन उभं राहिलं होतं. ते दोघांच्या खालच्या अवाढव्य यंत्रणांनी आणलं होतं, आणि तेसुद्धा कुणाच्या दुष्टपणाने नव्हे, तर रोजचं काम रोजच्यासारखं चोख करून.

हार्वर्डचे ग्रॅहम अॅलिसन यांनी 1971 साली हाच मुद्दा पुस्तकभर मांडला. देश म्हणजे एक विचार करणारा माणूस, असं धरून आपण राजकारणाचा अर्थ लावतो. ‘रशियाने असं का केलं?’ असं विचारतो, जणू रशिया नावाचं एक डोकं कुठेतरी बसलेलं आहे. प्रत्यक्षात देश म्हणजे अनेक खाती. प्रत्येक खात्याची ठरलेली पद्धत, ठरलेले नमुने, ठरलेला क्रम. वरून हुकूम येतो तेव्हा खातं नवं काही करत नाही. आपल्याला जे करता येतं त्यातलंच एक काढून करतं.

सोव्हिएत बाजूचंच बघा. क्यूबाच्या मोहिमेला सायबेरियातल्या एका नदीवरून ‘अनादीर’ हे नाव दिलं होतं, म्हणजे ऐकणाऱ्याला बर्फाळ प्रदेश वाटावा. काही तुकड्यांना चक्क बर्फावर घसरायच्या पट्ट्या आणि लोकरी बूट दिले. जहाजांच्या कप्तानांनाही मुक्कामाचं ठिकाण भर समुद्रात पाकीट फोडल्यावरच कळायचं. सुमारे 42,000 सैनिक अमेरिकेच्या अंगणात उतरले आणि अमेरिकी हेरखात्याचा अंदाज त्याच्या पासंगालाही पुरला नाही. गुप्तता राखणाऱ्या खात्याने कमाल केली. पुढे तळ बांधणाऱ्या खात्याने काय केलं? मायदेशात जसे तळ बांधतात तसेच, त्याच आखणीचे, बांधले. मायदेशात ते झाकायची गरज नसे, म्हणून इथेही झाकले नाहीत. ताडामाडांच्या झाडीत क्षेपणास्त्रं सहज लपतील, असं पाहणी करून आलेल्या मंडळींनी ख्रुश्चेव्हना सांगितलं होतं. 14 ऑक्टोबरला यू-2 विमानाने उंचावरून छायाचित्रं काढली आणि त्या ओळखीच्या आखणीवरून अमेरिकी तज्ज्ञांनी तळ ओळखले. एका खात्याने जिवापाड सांभाळलेलं गुपित दुसऱ्या खात्याच्या सवयीने उघडं पाडलं. मोठ्या कंपनीत किंवा सरकारी कार्यालयात काम केलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

अमेरिकेत याहून वाईट घडत होतं. कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावर काही क्षेपणास्त्रांवर अण्वस्त्रं चढवून ती सोव्हिएत लक्ष्यांवर रोखली होती. त्याच तळावरून 26 ऑक्टोबरला एक आंतरखंडीय क्षेपणास्त्र चाचणीसाठी उडवण्यात आलं. कारण? चाचणी वेळापत्रकात होती. ती रद्द करा, असं कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी, 27 तारखेला, उत्तर ध्रुवाकडे हवेचे नमुने गोळा करायला गेलेलं एक यू-2 विमान वाट चुकून थेट सोव्हिएत हद्दीत शिरलं. त्याला अडवायला रशियन मिग उडाली आणि त्याला परत आणायला अलास्काहून अमेरिकी विमानं उडाली. त्या विमानांवर अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं होती. हे कळलं तेव्हा केनेडींनी एक शिवी हासडली आणि म्हणाले, की निरोप न पोहोचलेला एक तरी असतोच. माझ्या मते संस्थाशास्त्रावरच्या अनेक जाडजूड ग्रंथांत जे नाही ते या वाक्यात आहे.

त्याच दिवशी समुद्राखाली जे चाललं होतं ते अमेरिकेला तब्बल 40 वर्षांनी, 2002 साली हवानातल्या परिषदेत समजलं. बी-59 ही सोव्हिएत पाणबुडी वर यावी म्हणून अमेरिकी नौदल सरावाचे लहान स्फोटगोळे पाण्यात टाकत होतं. अशा गोळ्यांचा अर्थ ‘वर या’ एवढाच आहे, असं अमेरिकेने मॉस्कोला रीतसर कळवलंही होतं. पाणबुडीपर्यंत ते आलं नाही. आत बॅटऱ्या उतरल्या होत्या, उष्म्याने माणसं बेशुद्ध पडत होती आणि एका टॉर्पेडोवर अण्वस्त्र होतं. पाणबुडीवरच्या एका अधिकाऱ्याने नंतर सांगितलं, की कप्तान संतापाने तो टॉर्पेडो सज्ज करायला निघाला आणि वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला शांत केलं. तपशिलांबद्दल मतभेद आहेत. मात्र टॉर्पेडो होता आणि निरोप नव्हता, याबद्दल नाहीत.

केनेडींनी 1962 मध्येच बार्बरा टकमन यांचं, पहिलं महायुद्ध पेटलं त्या 1914च्या ऑगस्ट महिन्यावरचं पुस्तक वाचलं होतं आणि आपल्या लष्करी अधिकाऱ्यांनीही ते वाचावं असा आग्रह धरला होता. त्या पुस्तकातला एक प्रसंग त्यांच्या डोक्यात नक्की असणार. 1 ऑगस्ट 1914. ब्रिटन बहुधा तटस्थ राहील अशी बातमी बर्लिनला आली. कैसर खूश झाला. फ्रान्सवर जायचं रद्द करा, सगळं सैन्य पूर्वेला रशियावर वळवा, म्हणाला. सेनाप्रमुख मोल्टकेने साफ सांगितलं, की हे होणार नाही. एकेका कोअरला हलवायला 140 आगगाड्या लागत. त्यांचं वेळापत्रक वर्षभर खपून मिनिटामिनिटाला बसवलं होतं. आता फिरवलं तर हाती सैन्य उरणार नाही, नुसता गोंधळ उरेल. ब्रिटनबद्दलची ती बातमीही खोटी ठरली आणि गाड्या पश्चिमेलाच गेल्या. गंमत म्हणजे रेल्वे विभागाच्या फॉन श्टाब या सेनानीने युद्धानंतर आकडेमोडीसह पुस्तक लिहून सैन्य वळवता आलं असतं हे दाखवलं. त्याला त्या रात्री कुणी विचारलंच नव्हतं.

आता दुसरी बाजू. 1962च्या ऑक्टोबरात केनेडी शहाण्यासारखे वागले, कारण दीड वर्ष आधी त्यांनी सपाटून मार खाल्ला होता. 17 एप्रिल 1961 रोजी सीआयएने प्रशिक्षित केलेले सुमारे 1,400 क्यूबन निर्वासित ‘बे ऑफ पिग्ज’ इथे उतरवले गेले आणि तीन दिवसांत कास्त्रोच्या सैन्याने त्यांचा निकाल लावला. फसलंच तर हे लोक एस्कांब्राय डोंगरात पसार होऊन गनिमी काव्याने लढतील, असं बैठकीत गृहीत धरलं होतं. डोंगर उतरण्याच्या जागेपासून सुमारे 80 मैल लांब आणि मध्ये दलदल. नकाशा सगळ्यांसमोर होता. विचारलं मात्र कुणी नाही. इतिहासकार आर्थर श्लेसिंजर सल्लागार म्हणून त्या बैठकांना हजर असत. त्यांना बेत मुळीच पसंत नव्हता, त्यांनी खासगी टिपण लिहून तसं कळवलंही. पण बैठकीत ते गप्प बसले. मग एका वाढदिवसाच्या मेजवानीत केनेडींचे भाऊ रॉबर्ट यांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की राष्ट्राध्यक्षांचं मन ठरलं आहे, आता सगळ्यांनी साथ द्यायची.

मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिस यांनी 1972च्या पुस्तकात या दोन प्रसंगांची शेजारी शेजारी चिरफाड केली. माणसं बहुतेक तीच, खोली तीच, शत्रूही तोच. मग 1961 मध्ये नंदीबैलासारख्या माना डोलावणारी मंडळी 1962 मध्ये एकमेकांचे मुद्दे कसे काय खोडू लागली? बदलली होती ती बैठकीची रीत. 16 ऑक्टोबरला ‘एक्सकॉम’ नावाची समिती बसली तेव्हा पहिला सूर हवाई हल्ल्याचाच होता. त्याच दिवशी मतदान घेतलं असतं तर हल्ला झाला असता, असं ध्वनिफिती ऐकणारे अनेकजण म्हणतात. केनेडींनी गाडी रेटली नाही. काही बैठकांना ते मुद्दाम गेले नाहीत, कारण साहेब समोर असले की माणसं साहेबांच्या मनातलं बोलतात. बैठकीत हुद्दा बाहेर ठेवायचा असा दंडक होता. कनिष्ठ अधिकारी वरिष्ठांना उलट विचारू शकत होते. समितीचे गट पाडले, प्रत्येक गटाने आपला प्रस्ताव लिहून काढला आणि मग तो दुसऱ्या गटाला फाडायला दिला. डीन अॅचिसन यांच्यासारख्या जुन्या, मानी मुत्सद्द्याला हा प्रकार बेशिस्त वाटला. ते वैतागून निघून गेले. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आठवडाभर वाद घालायला मिळाला तो बातमी फुटली नाही म्हणून. आजच्या दिवसांत असा आठवडा कुठल्याही सरकारला मिळणार नाही.

या सगळ्यातून नाकेबंदीचा मार्ग निघाला. त्याचं मोठेपण असं, की त्याने काही सुटलं नाही, फक्त वेळ मिळाला. जहाज अडवायचं म्हणजे जहाज तिथवर यावं लागतं. तेवढ्या वेळात समोरच्यालाही आपल्या खात्यांना आवरायची संधी मिळते.

27 तारखेला ती संधी जवळजवळ संपली. क्यूबावर एक यू-2 पाडलं गेलं, वैमानिक मेजर अँडरसन मारला गेला. विमान पाडलं तर ते पाडणारा तळ उडवायचा, असं समितीने आधीच ठरवून ठेवलं होतं. केनेडींनी स्वतःचाच तो नियम त्या दिवशी लागू होऊ दिला नाही. तो हल्ला स्थानिक सोव्हिएत अधिकाऱ्यांनी मॉस्कोला न विचारता केला होता, हे तेव्हा वॉशिंग्टनमध्ये कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आदल्या दिवशीच्या मवाळ पत्रापाठोपाठ 27 तारखेलाच ख्रुश्चेव्हचं दुसरं, जास्त कडक पत्र आलं: तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रंही काढा. नुसत्या क्यूबावरच्या आश्वासनावर ख्रुश्चेव्ह मानणार नाही, असं केनेडींना वाटत होतं. तेव्हा लेवेलिन थॉम्प्सन यांनी राष्ट्राध्यक्षांना तोंडावर सांगितलं, की मला तसं वाटत नाही. थॉम्प्सन नुकतेच मॉस्कोतल्या राजदूतपदावरून परतले होते, ख्रुश्चेव्हला जवळून ओळखत होते. त्यांचं म्हणणं होतं, की त्याला ‘मी क्यूबाला वाचवलं’ असं घरी सांगता आलं, तर तो मागे सरेल. म्हणून क्यूबावर आक्रमण न करण्याचं आश्वासन जाहीर द्यावं आणि पहिल्या, मवाळ पत्राला उत्तर द्यावं.

समोरचा काय मागतोय यापेक्षा त्याला कशाची गरज आहे हे बघणं, ही कल्पना मात्र मुत्सद्द्यांची नव्हे. मेरी पार्कर फॉलेट या बॉस्टनच्या सामाजिक कार्यकर्तीने 1925 साली न्यूयॉर्कमधल्या व्यवस्थापकांपुढे ती मांडली होती. भांडण मिटवायचे तीन मार्ग, त्या म्हणाल्या: एकाने दुसऱ्याला दाबणं, दोघांनी थोडंथोडं सोडणं, आणि दोघांचंही पुरं होईल अशी तिसरी वाट काढणं. त्यांनी दिलेलं उदाहरण आपल्याकडच्या दूध सोसायट्यांनाही ओळखीचं वाटेल. दूध उत्पादकांच्या एका सहकारी संघात डेअरीच्या फलाटावर गाडी आधी कुणाची रिकामी करायची यावरून संघ फुटायची वेळ आली. टेकडी उतरून येणारे म्हणत, आमचा मान पहिला. चढून येणारे म्हणत, आमचा. दोन्ही बाजू आपापल्या मुद्द्यात इतक्या अडकल्या होत्या, की फलाटाची जागा बदलली तर दोन्हीकडच्या गाड्या एकाच वेळी रिकाम्या होतील, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागलं. फॉलेटबाई तडजोडीवर खूश नसत. तडजोडीत जे दाबलं जातं ते पुन्हा डोकं वर काढतं, असं त्यांना वाटे. मला हे थोडं आशावादी वाटतं. काही भांडणांत फलाट हलतच नाही. पगाराचा पैसा ठरलेला असतो, पाण्याचं धरण एकच असतं. पण हलणारा फलाट हलवायच्या आधीच माणसं डोकी फोडून घेतात, हेही तितकंच खरं.

क्यूबात शेवटी थोडी तडजोडही लागली. 27च्या संध्याकाळी रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले आणि तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काही महिन्यांत निघतील, मात्र याची वाच्यता नको, असं सांगितलं. एप्रिल 1963 पर्यंत ती 15 ज्युपिटर क्षेपणास्त्रं निघाली. सौदा झाला हे केनेडींच्या माणसांनी कबूल करायला 1989 साल उजाडलं. मधली 27 वर्षं अमेरिकेत धडा शिकवला गेला तो अर्धा: ठाम राहा, म्हणजे समोरचा नमतो. या अर्धवट धड्याने क्यूबात वाचवलं त्याच्यापेक्षा नंतर जास्त बिघडवलं, असं माझं मत आहे.

संकट निवळल्यावर जे झालं ते कमी नाट्यमय, पण जास्त टिकाऊ आहे. पेच ऐन भरात असताना ख्रुश्चेव्हचं 26 तारखेचं पत्र वॉशिंग्टनला पूर्ण पोहोचायला सुमारे 12 तास लागले होते. दोब्रिनिन आपल्या आठवणींत सांगतात, की वकिलातीच्या सांकेतिक तारा न्यायला तार कंपनीचा एक पोरगा सायकलवरून यायचा आणि तो वाटेत कुठे न रेंगाळता तारघरात जाईल अशी आशा करण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नसायचं. शेवटी 28 तारखेला, वेळ दवडू नये म्हणून, ख्रुश्चेव्हने आपला होकार थेट मॉस्को रेडिओवरून वाचायला लावला. जगाचा निवाडा आकाशवाणीच्या बातम्यांत. यातून 1963च्या जूनमध्ये जिनिव्हात करार झाला आणि ऑगस्टअखेर ‘हॉटलाइन’ सुरू झाली. चित्रपटांमुळे तो लाल टेलिफोन वाटतो. प्रत्यक्षात ती टेलिप्रिंटरची तार होती, लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकीमार्गे मॉस्कोला जाणारी. बोलणं मुद्दाम टाळलं होतं: फोनवर माणूस तडकतो, भाषांतर घाईत चुकतं, लिहिलेलं दोनदा वाचता येतं.

1962च्या त्याच ऑक्टोबरात, 20 तारखेला, चीनने भारतावर हल्ला केला होता. महाराष्ट्राला ते दिवस क्यूबापेक्षा यशवंतराव चव्हाणांमुळे आठवतात. नोव्हेंबरात ते महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी तिथे सुरू केलेली एक साधी गोष्ट कमी जणांना माहीत असते: तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव यांच्याबरोबर नियमित सकाळची बैठक. खातं आणि सैन्य यांच्यातलं बोलणंच जिथे तुटलं होतं, तिथे त्यांनी आधी बोलण्याची जागा आणि वेळ ठरवून दिली. 1 सप्टेंबर 1965ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी चव्हाणांनी काही मिनिटांत दिली. वेळ घेणं हाच नेहमी उपाय असतो असं नाही, हे इथे सांगायला हवं. एकमेकांशी रोज बोलणाऱ्यांना घाईतही निर्णय घेता येतो.

भारत-पाकिस्तानमध्ये 1971च्या युद्धानंतर दोन्ही लष्करांच्या डीजीएमओंमध्ये, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांमध्ये, हॉटलाइन आहे. दर मंगळवारी ती वापरली जाते, बातमी नसतानाही. 10 मे 2025 रोजी गोळीबार थांबवायचं ठरलं ते याच वाटेने: दुपारी 3.35ला पाकिस्तानी डीजीएमओंचा फोन आला, संध्याकाळी 5 वाजल्यापासून मारा थांबवायचं ठरलं. 1988च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारीला आपल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात; संबंध कितीही बिघडलेले असोत, यादी जाते.

तरीही अस्वलं कुंपणावर चढतात. 9 मार्च 2022 रोजी भारताचं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती, जीवितहानी झाली नाही आणि पाकिस्ताननेही संयम राखला. भारताने दोन दिवसांनी जाहीर खेद व्यक्त केला. चौकशीत ठरलेल्या कार्यपद्धतीचं उल्लंघन झाल्याचं निघालं आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढून टाकण्यात आलं. चाचणीआधी एकमेकांना कळवण्याचा दोन्ही देशांचा करार 2005चा आहे. तो फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांना लागू होतो. ब्रह्मोस क्रूझ क्षेपणास्त्र आहे.